पाठीवरचं पाणी

३ ऑक्टोबर

आत्या,

हे फोनवरही विचारता आलं असतं. पण माझा फोन आला की बाबा तो टेबलाच्या मधोमध ठेवतात आणि सगळं घर त्याच्याभोवती गोळा होतं. मग मी ‘जेवले’ आणि ‘बरी आहे’ याच्या पुढे जात नाही. म्हणून पत्र.

काम मनासारखं आहे. गावोगावच्या विहिरींचं, नळांचं पाणी बाटल्यांतून आमच्याकडे येतं. झाकण नीट बसलंय का ते बघायचं, चिठ्ठी लावायची, मग तपासणी. एखाद्या ठिकाणचं पाणी पिण्यालायक नाही असं लिहिताना माझा हात अडतो. त्या लोकांनी मग काय प्यायचं, यासाठी त्या कागदावर रकाना नसतो. एकदा हे साहेबांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, “बाई, आपण पाणी तपासतो, जग नाही.”

खोली बरी आहे. खिडकीतून समोरच्या गॅरेजचं पत्र्याचं छप्पर दिसतं आणि त्याच्यामागे डोंगर. दर रविवारी आम्ही प्रयोगशाळेतले चौघं तिथं चालायला जातो. आता लांबच्या धारेवर जायचं ठरतंय. सकाळी चढायचं, दिवसभर डोंगराच्या माथ्यावरून चालायचं आणि संध्याकाळी पलीकडच्या रस्त्याला उतरून बस पकडायची. वर पाण्याचा थेंब नाही. म्हणून मला ती पाण्याच्या पिशवीची सॅक घ्यायची आहे. आत मऊ पिशवी असते, तिची नळी खांद्यावरून तोंडाशी येते, चालता चालता पाणी ओढता येतं. दर वेळी प्लॅस्टिकची बाटली विकत घेणं मला पटत नाही, हे तुला माहीतच आहे.

दोन सॅक मी बघून ठेवल्यात. एक अगदी हलकी, पाठीला चिकटून बसणारी. दुसरी थोडी जड, पण तिच्या मागे ताणलेली जाळी आहे, त्यामुळे सॅक पाठीपासून सुटी राहते. फोटोत दोन्ही सारख्याच गुणी दिसतात. इथल्या दुकानात शाळेची दप्तरं सोडून काही मिळत नाही. तुझ्याकडे मोठी दुकानं आहेत. जरा अंगावर घालून बघशील? मुख्य म्हणजे बाजूच्या कप्प्यापर्यंत आपला आपल्याला हात पोचतो का, आणि सॅक न उतरवता वरची चेन उघडता येते का, ते बघ.

तुझी,
टिटवी

११ ऑक्टोबर

अगं टिटवे,

तुला काय कल्पना, माझे दोन दिवस कसे गेले. खिडकी सोडल्यापासून मला कुणी काही विचारलेलं नाही. इतकी वर्षं बसस्टँडच्या चौकशीत बसले, दिवसभर लोक तोंड खुपसून विचारायचे, तेव्हा वाटायचं कधी एकदा सुटते. आता सुटले, तर शेजारीण फक्त ‘दूधवाला आला का’ एवढं विचारते. तुझं पत्र आलं आणि मी चपला घातल्या.

पहिल्या दुकानातला माणूस म्हणाला, “काकू, नातवासाठी का?” मी म्हटलं, “का, मला डोंगर नाही का चढता येणार?” मग मी त्याला दोन्ही सॅकमध्ये पाणी भरायला लावलं. रिकामी सॅक काय, कुणालाही हलकीच वाटेल. दोन लिटर पाणी भरून एकेक पाठीवर घेतली आणि दुकानाचे जिने खाली-वर केले. तिथली दोन पोरं हसत होती. हसू देत.

आता ऐक. ती हलकी खरंच हलकी आहे, पण पाठीला अशी चिकटते की दोन मजल्यांत माझा ब्लाउज ओला झाला. जाळीवालीत पाठीला वारा लागतो. ती घे. तो जास्तीचा भार चार पेरूंइतका असेल, तेवढा वाहिलास तर मरणार नाहीस. पाणी दोन लिटरचं पुरे. तीनची पिशवी भरली की मान मागे ओढली जाते. छातीवरचा पट्टा मात्र हवाच, नाहीतर खांदे सोलून निघतात. पिशवीचं तोंड मोठं बघ, आत हात घालून धुता आलं पाहिजे. नळी धुवून वाळवली नाहीस तर आत शेवाळ धरतं, असं तो दुकानदार म्हणाला.

बाजूच्या कप्प्याला हात पोचत नाही. माझा तरी नाही पोचला. पण तुला कशाला पोचायला हवा? मागून येणाऱ्याला सांगायचं, काढ गं जरा.

ते चौघं कोण कोण ते लिही. दादा रंगाच्या कामावर जातो तिथं सगळ्यांना सांगतो, आमच्या पोरीचा डोंगर चढायचा ग्रुप आहे. तू लांबच्या नोकरीला जाऊ नयेस म्हणून तो कसा अडून बसला होता, आठवतं ना? मीच मध्ये पडले. म्हटलं, पहिली पदवीधर आपल्या घरातली, तिला काय दाराआड ठेवणार? तेव्हा कुठे तो म्हणाला, “एकटी पडली असं कळलं की दुसऱ्या दिवशी घेऊन येईन.” तेव्हा माणसं जपून ठेव. माझा शब्द आहे तिथं.

आत्या

१९ ऑक्टोबर

आत्या,

तुझं पत्र मी डबा खाताना वाचलं आणि तुझ्या जिन्यांशी आले तेव्हा हसून घास अडकला. तुझे आभार कसे मानू?

चिडू नकोस, पण मी हलकीच मागवली. रात्री कागदावर सगळ्या सामानाचं वजन मांडलं. पाणी, डबा, टोपी, जादा मोजे, बॅटरी, औषधाची डबी. सगळं माझ्याच पाठीवर असणार, त्यामुळे जिथं वाचेल तिथं वाचवायचं ठरवलं. पाठ ओली झाली तर झाली, घामच तो.

चौघांबद्दल विचारलंस. एक आमचे नमुने आणणारे ड्रायव्हरकाका, त्यांना प्रत्येक वळणाचं नाव माहीत असतं. एक हिशेब बघणारी, ती चालताना गाते. एक यंत्र चालवणारा, तो सतत मागे राहतो. आणि मी. सगळे छान आहेत.

अजून दोन गोष्टी, तुला सुचलं तर सांग. छातीच्या पट्ट्याच्या कडीला शिटी असते, तिचा आवाज कुठवर जात असेल? आणि घरचा नंबर सॅकच्या आत लिहिलेला बरा की बाहेर, चटकन दिसेल असा? उन्हाची तिरीप असेल तर फोनवरचे आकडे दिसत नाहीत, म्हणून विचारलं.

हा रविवार सोडून पुढच्या रविवारी धारेवर जातोय. हवा स्वच्छ आहे.

टिटवी

२४ ऑक्टोबर

टिटवे,

हे पत्र तुला रविवारच्या आत मिळावं म्हणून मी स्वतः जाऊन टाकून आले. मिळालं तर वाच आणि घरी बस.

चौकशीच्या खिडकीत माणसाचं तोंड नीट दिसत नाही. काच मळलेली, भोक एवढंसं. आम्ही माणूस ओळखायचो तो त्याच्या प्रश्नावरून. ज्याच्याबरोबर कुणी आहे तो विचारतो, गाडी कधी? जो एकटा आहे तो विचारतो, ही चुकली तर पुढची कधी, आणि रात्री इथं बसायला जागा आहे का? बायका तर हमखास. बरोबर कुणी असलेल्या बाईने दिवे किती वाजता घालवतात हे मला कधीच विचारलं नाही.

आणि तू मला विचारतेस, कप्प्याला माझा मला हात पोचतो का. शिटी किती लांब ऐकू जाते. घरचा नंबर कुठे लिहू. बॅटरी आणि औषधाची डबी सगळी तुझ्याच पाठीवर. चौघांतली बाकीची तिघं काय हात हलवत येतात? ती गाणारी कुठलं गाणं म्हणते ते तरी लिहायचं होतंस.

तू एकटी जातेस. पहिल्यापासून एकटी जातेस का, ते मला माहीत नाही.

मला राग आलाय, पण तो एकटी जातेस म्हणून नाही. मला सांगितलं नाहीस म्हणून. मी दादाला सांगणार नाही. ते तू सांगायचंस, आणि लवकर. तोवर धारेवर जायचं नाही. मी काही तुला कोंडून घालत नाही. मला उलट टपाली लिही, एवढंच. दोन ओळी पुरेत.

आत्या

९ नोव्हेंबर

आत्या,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. मी रविवारी जाऊन आले होते. इतके दिवस लिहिलं नाही कारण मी अंथरुणात होते. आता बरी आहे, खरंच बरी आहे, हे आधी सांगते.

चौघांचा गट होता. पहिल्या रविवारी होता. त्यांनी मला आपणहून बोलावलं, आणि तो दिवस फार चांगला गेला. हिशेबवाली खरंच गात होती. पण खाली उतरताना सगळ्यांनी रिकाम्या बाटल्या झुडपांत टाकल्या. मी मागे राहून त्या गोळा केल्या. इथवर ठीक होतं. मग मी त्या घरी नेल्या, धुतल्या आणि प्रत्येकीला नमुन्याची चिठ्ठी लावली. कुठे सापडली, कधी सापडली, कुणी टाकली. सोमवारी ओळीने मधल्या टेबलावर मांडल्या. मला वाटलं, हसतील आणि समजतील. हसले खरे. ड्रायव्हरकाका म्हणाले, “वा, आमचा पण रिपोर्ट निघणार तर.” पण साहेब आले, त्यांनी नावं वाचली, आणि मग कुणी हसलं नाही. पुढच्या रविवारी त्यांनी मला विचारलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी चुकीचं काही केलं असं मला आजही वाटत नाही. पण नावं लिहायला नको होती.

तुम्हाला कसं सांगणार होते? बाबा मला दुसऱ्याच दिवशी न्यायला आले असते. आणि रविवारी खोलीत बसवत नाही, आत्या. संध्याकाळी दुकानात मीठ मागायला गेले की स्वतःच्या आवाजाने दचकते, कारण तो दिवसातला पहिला शब्द असतो. डोंगरात कुणी बोललं नाही तर ते विचित्र वाटत नाही.

धार सुंदर आहे. दोन्ही बाजूंना दऱ्या, आणि मध्ये बैलगाडीच्या चाकोरीएवढी वाट. मी अधूनमधून नळी तोंडात धरून चालत होते आणि मला फार हुशार झाल्यासारखं वाटत होतं. पाठ ओली होती, कंबरेपर्यंत ओली होती. म्हटलं घाम, आत्याने सांगितलंच होतं. मग अर्ध्या वाटेवर नळी ओढली तर नुसती हवा आली. सॅक उतरवली. पिशवीचं झाकण आट्यात तिरकं बसलं होतं आणि सकाळपासून सगळं पाणी माझ्या पाठीवरून ओघळून गेलं होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या बाटल्यांची झाकणं तपासणारी मी. मागे कुणी असतं तर पहिल्याच चढावर म्हणालं असतं, अगं तुझ्या पाठीतून पाणी गळतंय.

पुढे जायचं अंतर आणि मागे यायचं अंतर सारखंच होतं. पुढे गेले. ऊन चढलं. नंतर नंतर मला थुंकी गिळता येईना आणि मी पायांशी बोलायला लागले. तेव्हा एका दगडाच्या कडेला एक प्लॅस्टिकची बाटली दिसली. कुणीतरी अर्धी पिऊन टाकलेली. आत पाणी होतं, उन्हाने तापलेलं, झाकण सैल. कधीचं, कुणाचं, काही माहीत नाही. ते मी प्यायले. आत्या, मी चिठ्ठीचा विचारही केला नाही. वर त्या टाकणाऱ्याला मनातल्या मनात आशीर्वाद दिला.

उतरले, बस मिळाली, घरी आले. सोमवारी तुझं पत्र उशाशी घेऊन वाचलं आणि त्याच दुपारी पोट बिघडलं, ताप चढला. त्यातले मधले दिवस मला नीट आठवत नाहीत. खालच्या मजल्यावरची घरमालकीण दाराशी पेज ठेवून जायची, लागण होईल म्हणून आत यायची नाही. कामावरून एकदा फोन आला, कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस म्हणून.

ती बाटली मी बरोबर आणली होती, तिच्या तळाला थोडं पाणी उरलं होतं. कामावर गेल्यावर ते तपासलं. पिण्यालायक नाही. सगळ्यांना ते सांगितलं, हा नमुना मी स्वतः प्यायले आहे म्हणून. हिशेबवाली इतकी हसली की तिने तोंडाला पदर लावला. यंत्रवाला म्हणाला, “मग चिठ्ठीवर आता नाव कुणाचं?” तेवढा वेळ खूप बरं वाटलं. मग सगळे आपापल्या टेबलाकडे गेले.

बाबांना मी सांगेन. थोडी ताकद आली की सांगेन. तोवर तू सांगू नकोस.

टिटवी

१५ नोव्हेंबर

टिटवे,

तुझं पत्र आलं आणि मी देवापुढे नाही, पंख्याखाली बसले, कारण घाम फुटला होता.

मी शब्द मोडला. उलट टपाली दोन ओळी लिही म्हटलं होतं. एक आठवडा गेला. फोन करावा तर तू उचलला नाहीस, आणि उचलत नाही म्हणजे काय, हे मला खिडकीतल्या सवयीने भलतंच कळायला लागलं. दुसऱ्या आठवड्यात मी दादाकडे गेले आणि सगळं सांगितलं. तो शिडी पुसत होता. पुसतच राहिला. वहिनी रडली. मग तो मला म्हणाला, “तुझ्या शब्दावर पाठवली होती.” त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.

तुझं पत्र आल्यावर मी ते त्याला वाचायला दिलं. दिलं कारण तू जिवंत आहेस हे त्याला माझ्या तोंडून खरं वाटलं नसतं. त्याने बाटलीचं दोनदा वाचलं.

हातातलं रंगाचं काम संपलं की महिनाअखेरीला तो तिकडे येतोय. तुला न्यायला. मोठी रिकामी बॅग माझ्याकडूनच मागून नेली, ती मागायलासुद्धा कामावरच्या पोराला पाठवलं. मी त्याला थांबवू शकत नाही, माझं बोलणं आता कोण ऐकणार? तुला राहायचं असेल तर तुलाच सांगावं लागेल. समोर उभी राहून सांग. आणि रडू नकोस, रडलीस की तो लगेच सामान बांधेल.

मला माफ कर असं लिहिणार होते. पण पुन्हा दोन आठवडे पत्र आलं नाही, तर मी पुन्हा हेच करेन.

आत्या

१ डिसेंबर

आत्या,

बाबा येऊन गेले.

शनिवारी दुपारी आले. खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसले, मी पलंगावर. त्यांनी भिंतीला बोट लावून बघितलं आणि म्हणाले, “अस्तर न मारताच रंग फासलाय.” मग मी चहा केला आणि माझा वाटीत घेतला. त्यांनी विचारलं, “कप एकच आहे?” मी म्हटलं, “दुसरा लागत नाही.” बोलून गेले आणि मग जीभ चावली. त्यांनी बॅगेची चेन उघडून ती पलंगावर ठेवली.

मी उभी राहिले. म्हटलं, मी येणार नाही. इथलं काम मला आवडतं, आणि ज्या गावाला पाणी वाईट म्हणून कळवलं होतं तिथं आता नवी विहीर खणतायत. मी खोटं बोलले ते चुकलं. रविवारी डोंगरात जाणं मी सोडणार नाही. धारेवर एकटी जाणार नाही, पण जवळच्या डोंगरावर जाईन. सॅक बदलून ती जाळीवाली घेतली आहे, आणि पुढच्या पट्ट्याला स्टीलची छोटी बाटली अडकवते, म्हणजे थोडं तरी पाणी डोळ्यांसमोर राहील. निघताना घरमालकिणीला सांगून जाते आणि आल्यावर तिचं दार वाजवते. एवढं सगळं मी न रडता बोलले.

ते म्हणाले, “मी शिडीवर चढतो तेव्हा खाली कुणीतरी ती धरलेली असते. धरायला माणूस नसेल तर मी त्या दिवशी काम करत नाही, मालक कितीही ओरडला तरी. तुझी शिडी इथं कोण धरतं?”

मी तो कप आणि वाटी विसळायला घेऊन गेले.

रविवारी सकाळी तेच म्हणाले, “दाखव तुझा डोंगर.” पहिल्या चढावर त्यांना धाप लागली. मी नळी दिली. एक घोट ओढून त्यांनी तोंड वाकडं केलं, म्हणाले, “हे काय, तान्ह्या पोराला पाजल्यासारखं.” पहिल्या वळणाशी एक सपाट दगड आहे, त्यावर ते बसले. म्हणाले, “तू जाऊन ये.” मी वरपर्यंत गेले. वरून ते दिसत होते. तोंड वाटेकडे करून बसले होते आणि मी दिसेनाशी झाले असेन तरी त्यांनी मान वळवली नव्हती. मी वर फार वेळ थांबले नाही.

संध्याकाळच्या गाडीला सोडायला गेले. ती मोठी बॅग घडी घालून त्यांनी काखेत धरली होती. पायरीवर पाय ठेवून म्हणाले, “राहा. काम चांगलं आहे तुझं. आत्याशी मी बोलेन.” मग आत जाऊन पलीकडच्या खिडकीशी बसले.

हेच ऐकायला मी भांडले होते. आणि आत्या, ड्रायव्हरने गाडी चालू केली तेव्हा मला वाटत होतं, यांनी आता खिडकी उघडून एकदा ‘चल’ म्हणावं. म्हणाले असते तर अंगावरच्या कपड्यांनिशी चढले असते. नोकरी, विहीर, डोंगर, काहीही आडवं आलं नसतं. मी हसून हात हलवत राहिले. ते त्या बाजूला बसले होते, त्यांना मी दिसत नव्हते हे माझ्या नंतर लक्षात आलं.

उद्या कामावर जाईन. हे एवढं शेवटचं बाबांना वाचायला देऊ नकोस.

तुझी,
टिटवी